जुनी गाडी घेतल्यानंतर: सर्व्हिसच्या नोंदींची पडताळणी आणि देखभालीची नवी सुरुवात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात विकत मिळणाऱ्या जुन्या गाडीचे आयुष्य बऱ्याचदा एकाच राज्यात गेलेले नसते. एखादी गाडी कोल्हापूरच्या शोरूममधून निघते, वॉरंटी संपेपर्यंत तिथल्याच सर्व्हिस सेंटरला जाते, पुढे गडहिंग्लज किंवा चंदगडच्या मालकाकडे येते आणि तिथून एजंटामार्फत आपल्या दारात उभी राहते. काही गाड्या गोव्यातून चोर्ला घाट चढून येतात. त्यामुळे तिच्या नोंदी दोन-तीन गावांत, दोन-तीन भाषांतल्या बिलांवर आणि काही वेळा केवळ मेस्त्रींच्या आठवणीत विखुरलेल्या असतात. विक्रेता जी फाईल हातात देतो, तो या नोंदींचा एक तुकडा असतो. गाडी घेऊन झाल्यावर पहिल्या महिन्याभरात हे तुकडे कसे गोळा करावेत, ते गाडीशी कसे ताडून पाहावेत आणि त्यावरून पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये कोणती कामे करावीत, याचा क्रम पुढे दिला आहे. गाडी अजून घेतली नसेल, तर यातील बहुतेक तपासण्या व्यवहारापूर्वी करता येतात आणि त्या तेव्हा केलेल्या अधिक बऱ्या.

आरसी आणि चेसिस नंबर

आरसीवरील चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: उत्पादनाचा महिना व वर्ष, नोंदणीची तारीख, चेसिस नंबर आणि मालकाचा क्रमांक. उत्पादन आणि नोंदणी यांत आठ-दहा महिन्यांचे अंतर असेल, तर गाडी शोरूमच्या आवारात उभी होती असे समजावे. टायर, बॅटरी आणि रबरी भागांचे वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजायचे असते. चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. तो गाडीवर कोठे कोरलेला आहे हे मॅन्युअलमध्ये पाहावे आणि तिथे दिवा धरून अक्षरन् अक्षर आरसीशी जुळवावे. त्या जागेभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील, तर बाकीची तपासणी थांबवून आधी आरटीओच्या निरीक्षकाला दाखवणे योग्य.

नावावर करण्याचे काम लांबवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकत घेणाऱ्याने हस्तांतरणाची माहिती ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात आणि गाडीवर कर्ज होते असे दिसत असेल, तर बँकेच्या किंवा सोसायटीच्या दाखल्यासोबत फॉर्म ३५ लागतो. गाडी एमएच ०९ (कोल्हापूर) किंवा गोवा पासिंगची असेल आणि ती बेळगावातच राहणार असेल, तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, घ्यावी लागते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नंबर घेणे कलम ४७ नुसार बंधनकारक आहे आणि कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. हा विषय इथे येण्याचे कारण साधे आहे. आरसीवर तुमचे नाव येईपर्यंत सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनी जुनी माहिती द्यायला सहसा कां-कू करतात. तोवर आधीच्या मालकाला सोबत नेणे किंवा त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी त्याच्याकडून घेणे, हाच मार्ग उरतो.

कंपनीच्या नोंदी कशा मागाव्यात

मोठ्या कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी चेसिस नंबरवर एकत्र ठेवलेल्या असतात, त्यामुळे कोल्हापुरात झालेले काम बेळगावच्या सेंटरमध्येही बहुधा दिसते. काउंटरवर जाऊन ‘हिस्ट्री द्या’ एवढेच म्हटले, तर तारीख आणि रनिंगची, म्हणजे त्या दिवशीच्या किलोमीटरची, यादी मिळते. ती पुरेशी नाही. प्रत्येक जॉब कार्डचा (त्या भेटीतील कामाच्या नोंदीचा) प्रकार आणि बदललेल्या पार्टची नावे मागावीत. फ्री सर्व्हिस आणि पेड सर्व्हिस या ओळी नेहमीच्या असतात; ‘बॉडी रिपेअर’ किंवा ‘ॲक्सिडेंटल’ असे लिहिलेल्या ओळीकडे मात्र नीट पाहावे. बंपर, फेंडर, दरवाजा बदलला असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीने घासलेली गाडी दर गल्लीत सापडेल. परंतु एअरबॅग, स्टिअरिंग कॉलम किंवा क्रॉस मेंबर, ॲप्रन, पिलर हे सांगाड्याचे भाग यांपैकी काही यादीत असेल, तर अपघात सांगाड्यापर्यंत पोहोचला होता असे धरून व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट काढून घ्यावा. टायर एका बाजूने झिजणे आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहणे या दोन्ही खुणा त्या रिपोर्टशी ताडून पाहता येतात.

त्याच भेटीत दोन प्रश्न आणखी विचारावेत. पहिला, या चेसिस नंबरवर कंपनीचे रिकॉल शिल्लक आहे का. शिल्लक असल्यास सदोष भाग कंपनी मोफत बदलून देते आणि मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. दुसरा, वाढीव वॉरंटी घेतलेली आहे का आणि ती नव्या मालकाच्या नावावर करायला किती दिवसांची मुदत आहे.

वॉरंटी संपल्यावर बहुतेक गाड्या कंपनीकडे जाणे बंद करतात, आणि यात वाईट काही नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा तालुक्याच्या गावी चांगले हात असलेले मेस्त्री आहेत. आधीच्या मालकाकडून मेस्त्रींचे नाव घ्यावे आणि गाडी घेऊन प्रत्यक्ष जावे. फोनवर विचारलेल्या प्रश्नाला ‘सगळे ओके आहे’ हेच उत्तर मिळते. गाडी समोर उभी असली, की क्लच प्लेट केव्हा टाकली, रेडिएटर का उतरवला, हे मेस्त्रींना आपोआप आठवू लागते. माझ्या मते काळपट बोटांचे ठसे उमटलेली, मळलेली साधी बिले छापील सर्व्हिस बुकातील नीटनेटक्या शिक्क्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. ज्या पुस्तकातील पाच वर्षांच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात आणि बरोबर १०,०००, २०,०००, ३०,००० अशा गोल आकड्यांत लिहिलेल्या आहेत, ते पुस्तक एका बैठकीत भरलेले असण्याची शक्यता मोठी असते.

विम्याची जुनी पॉलिसी वाचणे

ही तपासणी फारसे कोणी करत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. विम्यात क्लेम न घेतल्याबद्दल नूतनीकरणाच्या वेळी सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षे क्लेम नसल्यास ५० टक्के अशी चढत जाते. क्लेम घेतला, की पुढच्या पॉलिसीत ती शून्यावर येते. म्हणजे सात वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर २० टक्के लिहिलेले असेल, तर साधारण दोन वर्षांपूर्वी काहीतरी घडले होते असा अंदाज बांधता येतो. लगेच निष्कर्षावर मात्र जाऊ नये. पॉलिसी संपून ९० दिवसांहून अधिक काळ गेला तरी हा बोनस जातो, आणि तो गाडीचा नसून मालकाचा असल्यामुळे मधल्या काळात मालक बदलला असेल तरी आकडा पहिल्यापासून सुरू होतो. याच कारणाने आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळणार नाही. पॉलिसी नावावर करण्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा आणि त्याच अर्जात क्लेमचा तपशील मागावा.

तारीख आणि रनिंगचा तक्ता

आता हातात आलेले सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून एका कागदावर तीन रकाने आखावेत: तारीख, रनिंग आणि झालेले काम. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी, मेस्त्रींची बिले, टायर व बॅटरीच्या पावत्या, विम्याच्या तपासणीतील मीटरचा फोटो, जे मिळेल ते त्यात भरावे. आधीचा मालक दाखवायला तयार असेल, तर फास्टॅगचे स्टेटमेंटही उपयोगी पडते. हत्तरगी, कोगनोळी आणि हिरेबागेवाडी या नाक्यांवर गाडी महिन्यातून किती वेळा गेली, हे त्यावरून कळते. ‘डॉक्टरांची गाडी आहे, गावातच फिरली’ असे सांगितलेल्या गाडीचे दर आठवड्याचे टोल निघाले, तर बाकीच्या बोलण्याचेही वजन ठरवता येते.

समजा, २०१७ ची गाडी आहे. मार्च २०१८ ला ११,००० किलोमीटर, मार्च २०१९ ला २३,५०० आणि फेब्रुवारी २०२० ला ३५,००० अशा नोंदी मिळाल्या, पुढे काहीच नाही आणि आज मीटर ५१,००० दाखवतो. वर्षाला अकरा-बारा हजार फिरणारी गाडी नंतरच्या पाच-सहा वर्षांत मिळून केवळ सोळा हजार का फिरली, याचे उत्तर हवे. २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे रनिंग कमी असणे स्वाभाविक आहे. मालक निवृत्त झाला, घरात दुसरी गाडी आली, हीही खरी कारणे असू शकतात. पण कारण मिळाले नाही आणि मधल्या काळातील एखाद्या टायरच्या पावतीवर ६८,००० लिहिलेले सापडले, तर मीटर मागे फिरवलेला आहे, यात शंका उरत नाही.

तक्त्याचा उपयोग केवळ फसवणूक पकडण्यापुरता नाही. त्यात जे काम कागदाने किंवा प्रत्यक्ष खुणेने सिद्ध होते तेच झाले असे धरावे. बाकीची कामे झालेलीच नाहीत असे समजून पहिल्या सर्व्हिसची यादी तयार होते.

गाडीवरच्या खुणा

टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी धरून पाचही टायरांचे आकडे लिहून घ्यावेत. मीटर २८,००० दाखवत असताना चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे असतील, तर पहिला संच इतक्या लवकर का संपला हा प्रश्न विचारावा लागतो. काचांवरही कंपनीचे नाव आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या कंपनीची किंवा उशिराच्या वर्षाची असेल, तर त्या बाजूचा दरवाजा, बिजागऱ्या आणि रंग नीट पाहावा. क्लच व ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची घासलेली कड, ड्रायव्हर सीटचा बसलेला काठ यांची झीज रनिंगशी सुसंगत हवी. नवे पेडल रबर आणि नवे सीट कव्हर या गोष्टी जुन्या गाडीत आनंदाच्या नसतात.

पाण्यात बुडालेल्या गाडीची तपासणी आपल्या भागात चुकवू नये. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कृष्णा, पंचगंगा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांच्या पुरात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली, आणि त्या काळातील गाड्या अजून बाजारात फिरत आहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ आहे का ते पाहावे. पुढच्या सीटचे रूळ व बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीतील स्टेपनीच्या खोबणीत गाळ आहे का, कार्पेटखालचा फोम दमट किंवा कुबट आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का, हे हात घालून तपासावे. मातीचा रंगही काही सांगतो. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती आणि बैलहोंगल, सौंदत्ती बाजूची काळी माती कोपऱ्याकापऱ्यांतून पूर्ण निघत नाही. विक्रेत्याने सांगितलेल्या गावाशी ती जुळते का, हे पाहायला काहीच खर्च येत नाही. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीचा गंज खालून सुरू होतो, म्हणून ती रॅम्पवर चढवून सायलेन्सरचे जोड, ब्रेक पाइप, सस्पेन्शनचे आर्म आणि दरवाजांच्या खालच्या कडा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात.

चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी एअरबॅग, एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही, तो मुद्दाम काढलेला असू शकतो. यानंतर गॅरेजमध्ये ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारे यंत्र, लावून घ्यावा. साठलेले फॉल्ट कोड तर पाहावेतच, शिवाय कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही विचारावा. अनेक गाड्यांत तो मिळतो. व्यवहाराच्या आदल्या दिवशीच कोड पुसलेले असतील तर हा आकडा अगदी लहान येतो. काही गाड्यांत रनिंगची नोंद मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही (गाडीतील छोट्या संगणकांमध्येही) राहते, आणि मीटर फिरवणारा तिथवर पोहोचलेला असतोच असे नाही.

पहिली सर्व्हिस

कोणती कामे करायची हे तक्ता ठरवतो, पण इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर मात्र कागद काहीही म्हणत असला तरी बदलावेत. ऑईलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेला असेल तोच घ्यावा. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितले आहे, त्यात सवयीने २०डब्ल्यू-५० ओतणारे अजून भेटतात. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, असल्यास त्याला चालणारे कमी राखेचे ऑईलच लागते. डिझेल गाडीचे ऑईल बदलल्यावर लगेच काळे दिसते, तेव्हा रंगावरून निवाडा करू नये. ऑईल सोडताना ड्रेन प्लगवर धातूचा कीस आहे का ते स्वतः उभे राहून पाहावे आणि प्लगचा वॉशर नवा टाकायला सांगावे. फिलर कॅपखाली दुधट थर दिसला आणि सोबत कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधल्या पॅकिंगची, तपासणी करावी. रोज केवळ दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडा थर साध्या ओलाव्यानेही येतो.

ब्रेक ऑईलकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि आंबोली, चोर्ला किंवा तिलारीचा घाट उतरताना सतत ब्रेक लावून ते तापले, की आत वाफ होऊन पेडल मऊ पडते. दर दोन वर्षांनी ते बदलावे. बदलल्याची पावती नसेल, तर आताच बदलावे. डॉट ३ की डॉट ४, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. त्याच वेळी चाके उतरवून पॅडची जाडी पाहावी. ती तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर नवे टाकावेत.

रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसते पाणी भरलेले असणे, विशेषतः बोअरचे जड पाणी, ही इथल्या जुन्या गाड्यांतील नेहमीची गोष्ट आहे. पाणी गंजासारखे तांबूस दिसले, तर रेडिएटर फ्लश करून तयार मिश्रित कूलंट भरावे आणि होज पाइप दाबून त्यांना चिरा आहेत का ते पाहावे. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये.

टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, खर्च मोठा असल्याने विक्रेते तो टाळूनच गाडी विकतात, म्हणून आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन हे आधी माहीत करून घ्यावे. स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनात चेन आहे. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलमध्ये आणि डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट आहे. बेल्ट बदलल्याचा लेखी पुरावा नसेल आणि मॅन्युअलमधील किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी एकही मर्यादा ओलांडली असेल, तर टेन्शनरसह (तो ताणून धरणाऱ्या पुलीसह) तो बदलणे भाग आहे, कारण तो चालत्या गाडीत तुटल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, डिझेल असल्यास फ्युएल फिल्टर आणि पेट्रोल असल्यास प्लग हे मॅन्युअलप्रमाणे. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम झपाट्याने चढला आणि वेग मागे राहिला, तर प्लेट संपत आली आहे. बॅटरीचे व्होल्टेज रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यांदरम्यान असावे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पेट्रोल गाडीत, आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत असल्याने, इंधनाचे रबरी पाइप आणि त्यांचे जोड वास घेऊन तपासावेत. सीएनजी किट असेल, तर ते आरसीवर चढवलेले आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय गॅस भरू नये.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अँटी-रस्ट कोटिंग अशा पॅकेजला पहिल्या भेटीत नकार द्यावा. स्कॅनरने किंवा प्रत्यक्ष लक्षणाने गरज दाखवली तर इंजेक्टरचे काम नंतर करता येते. कोटिंग गंजावर मारले, तर गंज आतून वाढत राहतो. खाली गंज नाही याची खात्री झाल्यावर मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी ते करावे. कणकुंबी, जांबोटी बाजूला रोजचे जाणे-येणे असणाऱ्यांनी वायपर, दरवाजांखालची पाणी निघण्याची छिद्रे आणि वायपरखालच्या जाळीत अडकलेला पाला हीही कामे त्याच वेळी उरकावीत.

पुढची नोंद

सर्व्हिस झाल्यावर बिलावर ऑईलचा ब्रँड व ग्रेड, पार्ट नंबर, रनिंग आणि तारीख लिहून घ्यावी आणि तक्त्याच्या शेवटी ती ओळ जोडावी. मीटरचा एक फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. जुना फास्टॅग आधीच्या मालकाकडून बंद करवून आपल्या नावाचा नवा घ्यावा. ऑईलची डिपस्टिकवरील पातळी आणि कूलंटच्या टाकीवरील पातळी पेनने खूण करून नोंदवावी, आणि सुमारे एक हजार किलोमीटरनंतर गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही पुन्हा पाहाव्यात: ऑईलची इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी आणि कूलंटची इंजिन थंड झाल्यावर. खाली फरशीवर डाग नसताना कूलंट उतरले असेल, तर कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. ऑईल उतरले असेल, तर किती मिलिलिटर भरावे लागले ते लिहून ठेवावे आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेशी ताडून मगच मेस्त्रींकडे जावे.